फ्लायट्रॅपचा संच : माती चांगली, कुंडी उथळ

कीटकभक्षी वनस्पतींचे तयार संच आता मुंबईतल्या रोपवाटिकांमध्ये आणि घरपोच सेवांमधून सहज मिळू लागले आहेत. मी असा एक संच शहरातल्या एका छोट्या रोपवाटिकेकडून मागवला. व्हीनस फ्लायट्रॅपचे (पानांच्या सापळ्यात कीटक पकडणाऱ्या वनस्पतीचे) एक कोवळे रोप, प्लास्टिकची बुटकी कुंडी, तिच्याखाली ठेवायची ताटली, मातीच्या मिश्रणाची पिशवी, गांडूळखताची पुडी आणि एक छापील माहितीपत्रक एवढे साहित्य त्यात होते. हे परीक्षण मुख्यतः मिश्रणाचे आणि कुंडीचे आहे, कारण रोप तग धरणार की नाही हे त्या दोन गोष्टींवर ठरते. माझे मत आधीच सांगते: मिश्रण उत्तम आहे, कुंडी बदलायला हवी, गांडूळखताची पुडी घरातल्या तुळशीला किंवा जास्वंदीला द्यावी आणि माहितीपत्रक रोपवाटिकेने पुन्हा लिहावे.

माहितीपत्रकात म्हटले आहे की हे झाड दलदलीत वाढते, म्हणून कुंडी सतत अर्धी पाण्यात बुडलेली असावी. व्हीनस फ्लायट्रॅप निसर्गात जगाच्या एकाच कोपऱ्यात उगवतो. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांच्या किनारी मैदानात, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या साधारण दीडशे किलोमीटरच्या टापूत त्याचे मूळ घर आहे. ते घर म्हणजे लाँगलीफ पाइनचे विरळ जंगल होय. उंच, सरळ सूचिपर्णी झाडे एकमेकांपासून बरीच दूर उभी असतात, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वायरग्रास नावाचे ताठ, बारीक पात्यांचे गवत असते आणि त्याखाली पांढुरकी वाळू असते. पाऊस थांबून काही दिवस झाले की या वाळूचा वरचा थर कोरडा पडतो आणि गवत इतके वाळते की एका ठिणगीने पेट घेते. तरीही हात-दीड हात खणले की वर्षातले कित्येक महिने पाणी लागते, जसे आपल्या कोकणात किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या विहिरीला थोडक्या खोलीवर लागते. पृष्ठभागावर कोरडेपणा आणि मुळांच्या टोकाशी ओल, ही स्थिती एकाच वेळी असते. कुंडी अर्धी बुडवून ठेवणे म्हणजे यातली एकच बाजू खरी मानणे होय.

ही माती कशी तयार होते ते समजले, तर मिश्रणाची पारख करणे सोपे जाते. किनारी मैदानातली वाळू बव्हंशी क्वार्ट्झची आहे. डोंगर झिजून, वाहून येऊन, समुद्राच्या लाटांत पुन्हा पुन्हा धुतली गेल्यामुळे तिच्यात झाडांना पोसणारी खनिजे जवळजवळ उरलेली नाहीत. त्यावर पाइनच्या सुया आणि झुडपांची पाने कुजतात, त्यांतून सेंद्रिय आम्ले सुटतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतात. जाताना ती ॲल्युमिनियम आणि लोह बरोबर घेऊन जातात. परिणामी वरचा वाळूचा थर राखेसारखा फिका होतो आणि त्याच्या खाली, जिथे भूजलाची पातळी वर-खाली होत राहते त्या खोलीच्या आसपास, काळपट तपकिरी थर साचतो. मृदाशास्त्रात अशा मातीच्या गणाला स्पोडोसोल म्हणतात. फ्लोरिडातली मायाका नावाची माती याच गणातली आहे. ती तिथल्या पंधरा लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेली आहे आणि १९८९ साली तिला त्या राज्याची अधिकृत माती म्हणून मान्यता मिळाली. मायाकामध्ये बहुतेक वर्षी काही महिने भूजल पृष्ठभागापासून अर्ध्या मीटरच्या आत असते आणि कोरड्या ऋतूत ते एक मीटरच्याही खाली जाते. फिक्या थरात स्फुरदाला धरून ठेवणारे लोह आणि ॲल्युमिनियमच नसल्याने स्फुरद टिकत नाही. नत्राचा काही भाग आगीत उडून जातो आणि काही भाग पाण्याने भरलेल्या, प्राणवायू नसलेल्या मातीतून वायुरूपाने निसटतो. अशा मातीत कीटक पकडून नत्र आणि स्फुरद मिळवणाऱ्या वनस्पतींना जागा मिळते, कारण भरभर वाढून त्यांच्यावर सावली धरतील अशा सशक्त वनस्पतींचे तिथे पोषण होत नाही.

या जंगलाची मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब म्हणजे जमिनीच्या उंचीतल्या अगदी किरकोळ फरकाने बदलणारी वनस्पतींची वस्ती. मैदान दिसायला सपाट असते, पण जिथे जमीन थोडी उंच आणि पाणी खोल असते तिथे लाँगलीफ पाइनसोबत टर्की ओक नावाचे खुरटे ओक दिसतात. जमीन वीतभर खाली गेली आणि भूजल जवळ आले की फ्लोरिडाच्या बाजूला सॉ पामेटोचे बुटके ताड आणि गॅलबेरीची सदाहरित झुडपे दाटतात, पाइनमध्येही स्लॅश पाइन आणि पाँड पाइन मिसळू लागतात. आणखी थोडे खाली, पाणी पृष्ठभागाला टेकते तिथे, सारासेनिया जातीच्या घटपर्णी, ड्रॉसेरा (दवबिंदू) आणि युट्रिक्युलॅरिया या कीटकभक्षी वनस्पतींची वस्ती असते. त्याहून सखल जागी एकतर पाँड सायप्रसची झाडे उभी असतात किंवा पोकोसिन म्हटली जाणारी, पीटवर (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर) वाढलेली दाट झुडपे असतात. फ्लायट्रॅपची जागा पाइनची मोकळी गवताळ वाळू आणि पोकोसिनची ओली गर्दी यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात असते. कॅरोलिनातल्या अशा ओल्या पाइन-माळावर एका चौरस मीटरमध्ये चाळीसहून अधिक जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत. इतक्या निकस मातीत इतकी विविधता असावी याचे नवल मला आजही वाटते.

आता पिशवीकडे वळते. मिश्रणात मॉसपासून बनलेले पीट, पांढरी सिलिका (म्हणजे क्वार्ट्झची) वाळू आणि थोडे परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवून पीएच कागदाने तपासले तेव्हा आम्लता साडेचार ते पाचच्या दरम्यान दिसली, म्हणजे या वनस्पतींना हवी तशीच. वाळू हातात घेऊन निरखली तर एकसारखी, काचेसारखी आणि धूळ नसलेली आहे. मुंबईत याला विशेष महत्त्व आहे, कारण आपल्याकडे बांधकामासाठी सहज मिळणारी वाळू दोन प्रकारची असते. खाडीच्या रेतीत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, तर खडी केंद्रावर काळा दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू बेसॉल्टची असते आणि बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह भरपूर असतात. आपल्या काळ्या मातीची सुपीकता याच दगडातून आली आहे, आणि फ्लायट्रॅपला नेमकी तीच सुपीकता बाधते. रोपवाटिकेच्या काकांना विचारले तेव्हा त्यांनी ही वाळू सिंधुदुर्गातली असल्याचे सांगितले. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. एवढी काळजी घेणारा विक्रेता मला यापूर्वी भेटला नव्हता आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मिश्रणाबाबत एक आक्षेप मात्र आहे. पीट हे परदेशातून येते आणि ते ज्या दलदलींतून काढले जाते त्या वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने साचलेल्या असतात. पृथ्वीच्या जमिनीच्या सुमारे ३ टक्के भागावर असलेल्या या पीटभूमींमध्ये जगातल्या मातीतल्या कार्बनचा जवळजवळ एक तृतीयांश साठा आहे. कोकोपीट हा आपल्याकडचा स्वस्त पर्याय सुचवला जातो, परंतु नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. ते अनेकदा धुऊन काढल्याशिवाय या रोपांना चालत नाही, आणि धुतल्यानंतरही त्यात पीटएवढी आम्लता येत नाही. म्हणून पीट वापरण्यावर माझी हरकत नाही, पण पिशवीत ते अर्ध्याहून जास्त दिसते. वाळूचे प्रमाण वाढवून पीट एक तृतीयांशावर आणले तरी रोप समाधानाने राहील, कारण मूळ अधिवासातही वाळूच प्रधान असते.

पिशवीवर ‘ब्लूबेरीसाठीही उपयुक्त’ असे छापले आहे. हा दावा ऐकायला जाहिरातीसारखा वाटतो, पण त्यामागे खरा इतिहास आहे. न्यू जर्सी राज्यात पाइन बॅरन्स नावाचे विस्तीर्ण पाइन-जंगल आहे. तिथे मुख्य झाड पिच पाइन आहे, माती तशीच आम्ल वाळूची आहे आणि खाली कर्कवुड-कोहान्सी नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे. १९७८ साली या प्रदेशाला अमेरिकेतले पहिले ‘नॅशनल रिझर्व्ह’ म्हणून दर्जा मिळाला. तिथले ओढे कुजलेल्या पानांमुळे चहाच्या रंगाचे असतात, आणि मातीतून विरघळून आलेले लोह ओढ्यांच्या काठी पुन्हा साचते. त्या लोहावर बाट्स्टो येथे १७६६ पासून भट्टी चालत असे. याच जंगलाच्या काठावर व्हाइट्सबॉग येथे एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानटी ब्लूबेरीतून लागवडीच्या जाती निवडल्या, आणि १९१६ साली तिचे पहिले विक्रीयोग्य पीक बाजारात गेले. त्याआधी ब्लूबेरी लागवडीत टिकत नव्हती, कारण तिला आम्ल माती लागते ही गोष्ट कोव्हिल यांच्या प्रयोगांनंतरच स्पष्ट झाली. तेव्हा गच्चीवर ब्लूबेरी लावण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी हे मिश्रण मोठ्या प्रमाणात मागवायला हरकत नाही. आपल्या उष्णतेत फळ किती धरेल हा प्रश्न निराळा, पण मातीमुळे अडणार नाही.

संचातली सर्वांत मोठी उणीव कुंडीची आहे आणि तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा मुद्दा विक्रेते आणि ग्राहक दोघेही दुर्लक्षित करतात. दिलेली कुंडी जेमतेम आठ सेंटिमीटर उंच आहे. ताटलीत पाणी ठेवले की ते केशाकर्षणाने वर चढते. ते किती चढेल हे कणांच्या आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांच्या आकारावर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर अजिबात नाही. जाड रेतीत पाणी काही सेंटिमीटर चढून थांबते, बारीक वाळूत आणि पीटमध्ये ते कितीतरी अधिक चढते. याचा अर्थ असा की या मिश्रणातला तळाचा ठरावीक उंचीचा थर नेहमीच पाण्याने भरलेला राहणार. कुंडी आठ सेंटिमीटरची असेल तर तो थर जवळजवळ मातीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो आणि कंदाच्या आसपास हवा उरत नाही. कुंडी वीस सेंटिमीटरची असेल तर खाली ओल, मध्ये दमटपणा आणि वर मोकळी हवा, अशी उतरंड आपोआप तयार होते. मूळ जंगलात भूजल आणि पृष्ठभाग यांच्यामधले अंतरच कोणती वनस्पती कुठे राहील हे ठरवते. कुंडीत ते अंतर निर्माण करण्याचे एकमेव साधन म्हणजे तिची उंची. फ्लायट्रॅपची मुळे झाडाच्या आकाराच्या मानाने लांब असतात आणि ती सरळ खाली जातात, हेही उंच कुंडीच्या बाजूचे कारण आहे. मी रोप उंच, अरुंद कुंडीत हलवले, ताटलीत बोटभरच पाणी ठेवले आणि ते पूर्ण आटल्यानंतर एखादा दिवस जाऊ देऊन पुन्हा भरले. त्यानंतर नव्या पानांचे सापळे मोठे येऊ लागले. त्याच मिश्रणाची थोडी माती मी दिलेल्या बुटक्या कुंडीत रोपाशिवाय, पाणी भरून ठेवली होती. तिच्यावर शेवाळ आले आणि माती उकरल्यावर कुजका वास आला.

गांडूळखताच्या पुडीविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ‘महिन्यातून चिमूटभर’ असा सल्ला तिच्यावर छापला आहे, आणि तो पाळला तर आम्लता कमी होईल, क्षार वाढतील आणि मुळे जळतील. विक्रेत्याने इतक्या कष्टाने निकस माती जुळवावी आणि त्याच खोक्यात खत घालावे, हे मला फार खटकले.

माहितीपत्रकात आगीचा उल्लेख नाही, आणि घरी कुंडी ठेवणाऱ्याला त्याची काय गरज असे कुणी विचारेल. पाइन-माळावर नैसर्गिक आग दर दोन-तीन वर्षांनी फिरत असे. लाँगलीफ पाइनचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे राहते आणि त्याच्या लांब सुया मधल्या कोंबाला आगीपासून राखतात. फ्लायट्रॅप जमिनीखालच्या कंदातून पुन्हा फुटतो. आग थांबवली की गॅलबेरीसारखी झुडपे चढतात, सावली पडते आणि फ्लायट्रॅप नाहीसा होतो. लाँगलीफचे जंगल एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर होते आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातले तीन-चार टक्केच उरले. त्यामागे तोड आणि शेतीबरोबरच आग विझवण्याचे धोरणही होते. आता तिथे नियंत्रित आगी लावून हे जंगल पुन्हा उभे केले जात आहे. यातून कुंडीसाठी निघणारा नियम सरळ आहे: पूर्ण ऊन द्या, वाळलेली काळी पाने कापून टाका आणि कडेने वाढणारे शेवाळ रोपावर चढू देऊ नका. पत्रकातला ‘सौम्य प्रकाशात, खिडकीच्या आत ठेवा’ हा सल्ला मी मानला नाही. पश्चिमेच्या गॅलरीत, ग्रिलच्या बाहेरच्या कठड्यावर रोप अधिक सुदृढ राहिले.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर सुदैवी आहेत. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे महापालिकेचे पाणी पावसाचे साठलेले पाणी असल्यामुळे त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. अडचण सोसायटीच्या टाकीत होते, कारण उन्हाळ्यात तिथे टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले जाते आणि नळ उघडणाऱ्याला ते कळत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजण्याचे लहान यंत्र बाजारात स्वस्तात मिळते. आकडा पन्नासच्या आत असेल तर निर्धास्त राहावे, शंभरच्या वर गेला तर आरओचे शुद्ध पाणी वापरावे. रोपवाटिकेने खताच्या पुडीऐवजी असे एखादे यंत्र वेगळ्या किमतीत देऊ केले तर मी ते आनंदाने घेईन. जून ते सप्टेंबर पावसाचे पाणी धरून ठेवता येते, मात्र त्याच काळात ताटली काढून ठेवावी लागते, कारण आपल्याकडचा पाऊस या चार महिन्यांत एकवटलेला असतो आणि विल्मिंग्टनचा पाऊस वर्षभर विभागलेला असतो.

हिवाळ्याविषयी विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवे होते. विल्मिंग्टनला जानेवारीतल्या रात्री गोठणबिंदूच्या जवळ जातात आणि फ्लायट्रॅप तीन-चार महिने विश्रांती घेतो. मुंबईत त्याच महिन्यात रात्रीचे तापमान सहसा सोळा-सतरा अंशांच्या खाली उतरत नाही. विश्रांती न मिळालेले रोप एखादे वर्ष चांगले दिसते आणि मग क्षीण होत जाते. काही जण कंद ओल्या मॉसमध्ये गुंडाळून शीतकपाटात ठेवतात आणि तो उपाय चालतो, पण लहान मुलांसाठी भेट म्हणून संच घेणाऱ्या पालकांकडून ती अपेक्षा ठेवणे अवाजवी आहे. त्यांच्यासाठी याच मिश्रणात उष्ण प्रदेशातला ड्रॉसेरा द्यावा, असे मी काकांना सुचवले. आपल्या सड्यांवरचा दवबिंदू आणि कासच्या पठारावरची सीतेची आसवे हीसुद्धा पातळ, निकस, पावसाळ्यात पाण्याने तुडुंब भरणाऱ्या मातीतली कीटकभक्षी मंडळी आहेत. अर्थात ती तिथून उपटून आणायची नाहीत. बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चरने प्रयोगशाळेत) वाढवलेला ड्रॉसेरा रोपवाटिकांकडे मिळतो.

फ्लायट्रॅपचे रोपही ऊतिसंवर्धनातले आहे का, हे विकत घेण्याआधी अवश्य विचारावे. रानातून चोरी इतकी वाढली होती की उत्तर कॅरोलिनाने २०१४ पासून ती गंभीर फौजदारी गुन्हा ठरवली. काकांनी मला प्रयोगशाळेचे लेबल दाखवले आणि रोपाचा एकसारखा, गुच्छाने फुटलेला बांधाही तेच सांगत होता.

संपूर्ण संचापेक्षा मिश्रणाची पिशवी सुटी मागवावी. ती वेगळी मिळते आणि संचाच्या निम्म्याहून कमी किमतीत पडते. सोबत वीस सेंटिमीटर उंचीची, तळाला चार-पाच भोके असलेली प्लास्टिकची कुंडी घ्यावी. मातीची कुंडी घेऊ नये, कारण तिच्या अंगातले क्षार पाण्यात उतरतात. मिश्रण भरण्याआधी बादलीत शुद्ध पाण्याने पूर्ण भिजवावे. कोरडे पीट सुरुवातीला पाणी शोषत नाही, त्यामुळे हाताने दाबत, थोडा वेळ थांबत ते मुरवावे लागते, आणि पिशवीवर ही सूचना छापलेली नाही.